सुपातली लेकरं चाळिशीत आली

मेळघाटात बाळ दगावलं की बातमी होते. झालीच पाहिजे. पण अडतीस वर्षांचा बाप्या रात्री छातीवर हात दाबत गेला, तर त्याची बातमी होत नाही. गावात लोक म्हणतात, "गॅस चढला होता." तेरवी होते आणि विषय संपतो. आज या दुसऱ्या मरणाबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण वाचा.

मी राहतो परतवाड्यात, पण माझं अर्धं लहानपण सेमाडोहचं. वडील फॉरेस्टात होते. सिपना नदीत पोहायला शिकलो ते तिथंच. आजही महिन्यातून एखादी चक्कर होतेच. परतवाड्याहून घटांगच्या वाटेनं जेमतेम पन्नास किलोमीटर, पण घाट असा की नव्या माणसाला दोनदा गाडी थांबवावी लागते. पर्यटक येतात, जिप्सीत बसतात, वाघ दिसला नाही म्हणून हळहळतात आणि परत जातात.

वाघाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मेळघाटात वाघ मेला तर त्याचं शवविच्छेदन होतं, नमुने प्रयोगशाळेत जातात, पंचनामा होतो, कागद वरपर्यंत जातात. १९७३ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले त्यात आपण आहोत, त्यामुळे ही शिस्त मुरलेली आहे. चांगलं आहे. माझी तक्रार वाघाबद्दल नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्याच जंगलातल्या गावात कमावता माणूस घरी मेला तर तो कशानं मेला हे कुणालाच कळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, एकवीस दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते. नोंद होतेही. पण कारणाच्या जागी काय असतं? "छातीत दुखून." "अचानक." "ताप." पन्नाशीचा माणूस असला तरी "म्हातारपण". डॉक्टरनं पाहिलेलंच नसेल तर लिहिणारा तरी काय लिहिणार!

बाळांचं तसं नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला. हायकोर्टात याचिका गेल्या, त्यांची सुनावणी वर्षानुवर्षं चालली. १९९५ साली नवसंजीवनी योजना आली. पुढे अंगणवाडीतला आहार, ग्राम बालविकास केंद्रं, २०१५ ची अमृत आहार योजना. प्रत्येक बाळाचं वजन होतं, त्याचा तक्ता होतो, तक्त्यातला रंग बदलला की फोन फिरतात. या सगळ्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवतो, पण निदान मोजणी होते.

आता एक साधा हिशोब करा. १९९३ सालच्या त्या बातम्यांतली जी बाळं जगली, ती आज कुठं आहेत? तिशी ओलांडून गेली आहेत. कुणी मजुरी करतो, कुणी पर्यटकांची गाडी चालवतो, कुणाच्या लेकराचं आता त्याच अंगणवाडीत वजन होतंय. सरकारच्या नियमाप्रमाणे तिशीनंतर प्रत्येकाचा बीपी, शुगर तपासायचे असतात. म्हणजे कुपोषणाच्या रजिस्टरातून निघालेला माणूस आता हृदयरोगाच्या रजिस्टरात यायला पाहिजे. आणि तो यायला का पाहिजे, याला एक भक्कम कारण आहे.

त्यासाठी थोडं लांब, इंग्लंडात जावं लागेल.

डेव्हिड बार्कर नावाचे एक डॉक्टर होते. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं इंग्लंड आणि वेल्सचे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले. एका नकाशात १९२१ ते १९२५ या काळात कुठल्या भागात तान्ही बाळं जास्त मेली ते होतं. दुसऱ्यात १९६८ ते १९७८ मध्ये कुठं हृदयरोगानं जास्त माणसं मेली ते होतं. दोन्ही नकाशे बरेचसे सारखे निघाले! त्या काळी समज असा, की हृदयरोग हा खात्यापित्या, सुखवस्तू माणसाचा आजार. इथं उलटं दिसत होतं. जिथं गरिबी, जिथं आया उपाशी, जिथं बाळं मरत होती, तिथलीच वाचलेली बाळं पन्नास वर्षांनी हृदयविकारानं मरत होती.

नुसत्या नकाशावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून बार्करच्या गटानं जुनी रजिस्टरं शोधली. हर्टफर्डशर नावाच्या परगण्यात सापडली. तिथं १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईच्या देखरेखीखाली सुईणी आणि परिचारिका घरोघरी जायच्या, बाळाचं जन्माचं वजन लिहायच्या, वर्षाचं झालं की पुन्हा लिहायच्या. आपल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका करतात तेच काम, शंभर वर्षांपूर्वी. त्या वह्यांतली पाच हजारांहून जास्त मुलं बार्करच्या लोकांनी हुडकली. तोवर कुणी म्हातारे झाले होते, कुणी वारले होते. १९८९ साली निष्कर्ष छापून आला. जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांचं वजन सगळ्यांत कमी, त्यांच्यात हृदयरोगानं मरण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त.

मला या गोष्टीत वैज्ञानिकापेक्षा त्या वह्या लिहिणाऱ्या बाया जास्त आवडतात. आपण लिहितोय त्याचं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी ओळीत, नीट लिहीत राहिल्या. सेमाडोहच्या अंगणवाडीत सेविका वजन लिहिताना पाहतो तेव्हा मला हे आठवतं.

असं का होतं? समजेल अशा भाषेत सांगायचं तर, पोटातल्या बाळाला खायला कमी मिळालं की त्याचं शरीर काटकसर करतं. मेंदू वाचवायचा, बाकीचं निभावून न्यायचं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक चाळण्या असतात. त्या जन्माच्या आधीच तयार होतात, नंतर एकही नवी होत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असू शकतात. मग थोड्या चाळण्यांवर आयुष्यभराचं काम पडतं आणि बीपी वाढण्याची शक्यता वाढते. रक्तवाहिन्यांची लवचिकताही कमी राहते. यातलं काहीच विशीत दिसत नाही. दिसतं ते चाळिशीत.

हे गोऱ्यांचं आहे, आपल्याला काय लागू, असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं उदाहरण. योगायोग बघा, त्याच १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी पावणेतीन किलोच्या आतच होतं, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. पण नुसतं वजन कमी नव्हतं. हातपाय काड्यांसारखे, स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला हडकुळं, आतून चरबी धरलेलं बाळ. याज्ञिकांचा एक फोटो जगभर गाजला. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरसाहेबांच्या अंगात २१.२ टक्के!

म्हणून "तो तर किती बारीक होता, त्याले कसा काय अटॅक आला?" हा आपला नेहमीचा प्रश्नच चुकीचा आहे.

हा प्रश्न मी गेल्या होळीनंतर सेमाडोहात ऐकला. माझ्या एका शाळासोबत्याचा धाकटा भाऊ गेला. कोरकू घर. होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण, पाच दिवस गाव जागं असतं, फगवा मागायला पोरं रस्त्यावर असतात. होळी आटोपली होती. रात्री साडेआठला जेवण झालं आणि याला छातीत जळजळ सुरू झाली. डावा हात जड. "गॅस झाला असन," म्हणून ओवा आणि काळं मीठ दिलं. दहा वाजता घामानं बनियन भिजलं. मग धावपळ. गाडी मिळायला साडेअकरा झाले. रात्रीचा घाट, समोर रानगवा उभा राहिला तर हॉर्नही वाजवता येत नाही. वाटेतल्या एका सरकारी दवाखान्यात थांबले. ईसीजीचं मशीन होतं, त्याचा कागद संपला होता. "पुढं न्या" म्हणाले. पुढे नेलं. तिथून अमरावतीला न्यायला सांगितलं. अमरावती आली नाही.

त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तो कागद किती ठिकाणी संपलेला असतो, ते मला बघायचंय.

भेटायला गेलो तेव्हा त्याची आई ओट्यावर बसली होती. तिची भाषा आपल्या भागात चालते तशी, थोडी हिंदी, थोडी कोरकू. म्हणाली, "इत्तासा था. सूप में सुलाया तो आधा सूप खाली." मुठीएवढा होता म्हणे, वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. वाचला. धट्टाकट्टा नाही, पण चिवट झाला. डोंगर चढायचा तर मी मागे राहायचो. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात त्याचा बीपी तपासला होता, १६० वर १००. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. घेतल्या. बरं वाटलं. संपल्या. पुन्हा कुणी दिल्या नाहीत, त्यानं मागितल्या नाहीत. खर्रा दिवसाला चार-पाच पुड्या. एवढीच त्याच्या आजाराची फाइल. तीही माझ्या वहीत आहे, सरकारच्या नाही.

यातली एक एक गोष्ट घेतो.

बीपीनं काही दुखत नाही, हीच त्याची लबाडी. रक्ताचा दाब सतत जास्त राहिला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला ओरखडे पडतात. तिथं चरबी साचते. तंबाखूतलं निकोटीन त्याच वाहिन्या आवळतं आणि धूर किंवा खर्रा काहीही असो, हृदयाचे ठोके वाढवतं. एक दिवस साचलेल्या चरबीवरची खपली फुटते, तिथं रक्ताची गुठळी होते, वाहिनी बंद. हृदयाची वाहिनी बंद झाली तर अटॅक, मेंदूची झाली किंवा फुटली तर लकवा. जगातल्या ५२ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकमागची बहुतेक कारणं त्यात नऊ गोष्टींत बसली. तंबाखू, बीपी, मधुमेह, रक्तातली वाईट चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं कमी खाणं, दारू, शारीरिक हालचाल नसणं. त्याच माहितीतून हेही निघालं, की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांच्या साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो.

आता ही यादी घेऊन सेमाडोहला या. हालचाल भरपूर, त्यात आपल्या गावातला माणूस पास. पोटाचा घेर नाही. पण तंबाखू आहे, बाप्यांना आणि बायांनाही. मोहाची दारू आहे. भाजी पावसाळ्यात रानात मिळते तेवढी, मग चटणी-भाकर. जेवणात मीठ किती पडतं हे कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचा. चटणी, लोणचं, आणि आता पाच रुपयांच्या पुड्या. कोदो-कुटकी पेरणारं घर हुडकावं लागतं, पण कुरकुऱ्यांचं पाकीट लटकलेलं नाही असं दुकान दाखवा. ताणाबद्दल तर बोलायलाच नको. कर्ज, मजुरीला परमुलखात जाणं, पुनर्वसनाची टांगती तलवार. शहरातल्या लोकांना वाटतं जंगलातला माणूस निवांत असतो.

"आदिवासींना कुठला बीपी?" असं मला एका शिकलेल्या माणसानं विचारलं होतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०१८ साली आदिवासी आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आहे, की देशातल्या दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. आणि आपल्याच विदर्भातलं सांगतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण घरी जाऊन विचारलं. २०१५ साली निष्कर्ष छापला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, १४.३ टक्के. मलेरिया नाही, साप नाही. आणि लकव्यानं गेलेले बहुतेक जण घरीच गेले, दवाखान्यात नाही. विचारलं म्हणून कळलं. धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था आहे, तेही कमावत्या वयातल्या मरणांकडे बोट दाखवत आले आहेत. पण हा विषय पेपरच्या पहिल्या पानावर येत नाही. हाडं दिसणाऱ्या बाळाचा फोटो छापता येतो. १६० वर १०० चा फोटो कसा छापणार?

या दुखण्यावर औषध महाग आहे का? बीपीच्या बाबतीत तरी नाही. अ‍ॅम्लोडिपिन नावाची पाच मिलीग्रॅमची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजे. बाहेरही स्वस्त मिळते. अडचण गोळीची नाही, ती रोज, न चुकता, वर्षानुवर्षं माणसाच्या हातात पडण्याची आहे. हे जमतं का? जमतं. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्यांदा भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि आपल्या शेजारचा वर्धा हे चार जिल्हे त्यात आले. त्यात काही जादू नाही. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमानं औषध द्यायचं. पंधरा नाही, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या. शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात द्यायच्या. प्रत्येकाचं कार्ड. महिना झाला आणि माणूस आला नाही तर फोन करायचा किंवा आशाताईनं घरी जायचं. २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्या पोराला पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन सोडून देणं आणि हे, यातला फरक एवढाच आहे की कुणीतरी पुन्हा विचारायला आलं असतं.

आता तुम्हाला एक काम सांगतो. तीस वर्षांच्या वरचे असाल तर उपकेंद्रात जा. त्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. नाव काहीही असो, आत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बीपी मोजायला सांगा. जाण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. चढण चढून आलात आणि लगेच मोजला तर आकडा खोटा येतो. दोन वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा जास्त आला तर तो बीपी आहे, "आज जरा टेन्शन होतं" नाही. गोळी सुरू झाली तर बरं वाटलं म्हणून बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. मीही गेल्या दोन वर्षांपासून घेतोय, सकाळी दात घासले की. माझ्या धंद्यात चहा आणि जागरण हे पगाराचाच भाग आहेत.

आणि छातीत दुखलं तर? छातीच्या मधोमध दाब, जडपणा, आवळल्यासारखं. हात, जबडा, पाठ याकडे सरकणारं. घाम, धाप, मळमळ. बायांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी दुखतच नाही, नुसती धाप आणि अशक्तपणा. असं वीस मिनिटांच्या वर राहिलं तर गॅस समजून घरी बसू नका. खरं तर वीस मिनिटंही वाट बघू नका. १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. चालत जाऊ नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका, दुसरा उपायच नसेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटातून रक्त जाण्याचा त्रास नसेल, तर ३०० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन पाण्याबरोबर न गिळता चावून खायची, फोनवरच्या डॉक्टरला विचारून. १९८८ साली एका प्रचंड अभ्यासात दिसलं होतं, की अटॅकच्या वेळी सुरू केलेली ही साधी गोळी मृत्यू जवळजवळ पाव हिश्शानं कमी करते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सोबत दिलं तर ४२ टक्क्यांनी. मात्र तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. तो लकवा असू शकतो आणि मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती गोळी घात करते. तिथं आधी सिटी स्कॅन.

गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन बारा तासांच्या आत चालतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर खरा उपयोग. बंद वाहिनीपुढचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. मुंबई-पुण्याचा डॉक्टर म्हणेल, थेट अँजिओप्लास्टी करा. बरोबर आहे. पण सेमाडोहहून अमरावती घाट धरून शंभर किलोमीटर. रात्री तीन तास म्हणा. म्हणून आपल्यासारख्या भागासाठी रीत अशी आहे, की जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो मोबाइलवरून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवायचा, त्यांनी हो म्हटलं की इंजेक्शन तिथंच द्यायचं, आणि मग पुढच्या चोवीस तासांत मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी. तामिळनाडूत हे करून पाहिलं. लहान दवाखाने मोठ्यांना जोडले. २०१७ साली आकडे छापले गेले. अटॅकनंतर वर्षभरात मरणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. शंभरात तीन-चार माणसं. तुम्हाला थोडी वाटतात? त्यातलं एक माझ्या ओळखीचं असतं तर मला थोडं वाटलं नसतं.

आणि नेटवर्क नाही म्हणू नका. सेमाडोहपुढचं हरिसाल २०१६ पासून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवतं. टेलिमेडिसिनचे फोटो तेव्हा आम्हीच छापले होते. ईसीजीचा एक फोटो त्याच हवेतून अमरावतीला जाऊ शकतो.

पैशाचं म्हणाल तर राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. कागद तयार ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता रेशनकार्ड शोधत बसायला नको.

लहान मुलांबद्दल एकच. घसा दुखून ताप आला आणि पंधरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला, मग कोपर, मग घोटा, तर त्याला वात म्हणून सोडू नका. तो संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. पेनिसिलिननं तो पुन्हा होणं टाळता येतं. ठरल्या दिवशी तीन-चार आठवड्यांनी सुई, वर्षानुवर्षं. अशा पोरी मोठ्या होतात, गरोदर राहतात आणि बाळंतपणात धाप लागून जातात. तेव्हा त्याला नशीब म्हणतात.

भूमकाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर कुणी तरी सुरू करेलच. सेमाडोहच्या पट्ट्यातले लोक आधी भूमकाकडे जातात, कारण तो रात्री दोनला दार उघडतो. आरोग्य खात्यानं भूमकांना सोबत घ्यायचे प्रयत्न केले आहेत, ते योग्यच आहे. छातीत दुखणारा माणूस आला की "आधी १०८, मग मी" एवढं त्यानं म्हटलं तरी दोन तास वाचतात. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी ईसीजीचा कागद भरून ठेवावा.

त्या घरी परवा पुन्हा जाऊन आलो. त्याची बायको पस्तिशीची. तिचा बीपी मोजून घेतला का विचारलं. "कोणी मोजलाच नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. १५० वर ९६. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचा आहे. मोठा पोरगा नववीत आहे, आश्रमशाळेत. जन्माचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम. हे मात्र अंगणवाडीच्या वहीत नीट लिहिलेलं आहे.

मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. पाच प्रश्न विचारलेत. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत तिशीवरच्या किती लोकांचा बीपी गेल्या वर्षी मोजला. त्यातल्या किती जणांना सलग सहा महिने गोळ्या मिळाल्या. प्रत्येक आरोग्य केंद्रात ईसीजी मशीन चालू आहे का आणि कागदाची शेवटची खरेदी कधी झाली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठपर्यंत ठेवलं आहे. छातीत दुखण्याच्या फोननंतर १०८ ची गाडी सरासरी किती मिनिटांत पोचली. कायद्यानं तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर पहिलं अपील करतो. तोवर तुमच्या गावच्या केंद्रात बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या देतात, पंधरा की तीस, ते गावाच्या नावासह मला कळवा. पेशंटचं नाव नको.